संगणकाचा डेस्कटॉप आपोआप बदलू नये म्हणून काय करावे

बेळगावच्या वडगाव भागात माझी मावशी राहते. विणकरांकडून साड्या घेऊन घरातूनच विकण्याचा तिचा व्यवसाय आहे आणि गेल्या काही वर्षांपासून त्याचा हिशोब संगणकावर असतो. इंग्रजी अक्षरे तिला लावून वाचता येतात, पण त्याला वेळ लागतो; म्हणून ती फाइल नावाने शोधत नाही, जागेने शोधते. डावीकडून दुसऱ्या रांगेत वरून तिसरा आयकॉन म्हणजे उधारीची वही, त्याच्या खालचा विणकरांना दिलेल्या पैशांचा, आणि उजव्या कोपऱ्यात एकटा ठेवलेला आयकॉन म्हणजे सणासुदीच्या ऑर्डरी. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला, "काल इथंच होती की गं उधारीची फाईल, आज कुठं गेली?" मी जाऊन पाहिले तेव्हा फाइल संगणकात सुखरूप होती, परंतु सगळे आयकॉन डाव्या कडेला एकाखाली एक येऊन बसले होते आणि मागच्या अंबाबाईच्या चित्राच्या जागी कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्र आले होते. चौकशी केल्यावर कळले, की आदल्या रात्री घरातल्या मुलांनी संगणक टीव्हीला जोडून क्रिकेटचा सामना पाहिला होता, आणि त्याच गडबडीत कुणीतरी पार्श्वभूमीच्या चित्राचा पर्यायही बदलून ठेवला होता.

ज्याला संगणकाची सवय आहे त्याला हा प्रकार किरकोळ वाटतो. नव्याने शिकणाऱ्याचे तसे नसते. आपल्याच घरातली भांडी रात्रीतून कुणीतरी दुसऱ्या फळीवर मांडून ठेवावीत तसे त्याला होते, आणि पुढे तो संगणकाला हात लावायलाच बिचकतो. म्हणून डेस्कटॉप जसा लावला तसाच राहणे ही हौसेची बाब नाही, ती शिकण्याची पहिली सोय आहे असे मी मानते. संगणक स्वतःच्या मनाने काहीही बदलत नाही. कुठलेतरी एक बटण, एखादा प्रोग्राम किंवा एखादे खाते त्याला तशी परवानगी देत असते. ती परवानगी कुठे दिली गेली आहे हे शोधून ती काढून घ्यायची, एवढेच आपले काम आहे.

पुढील सर्व माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन आवृत्त्यांसाठी आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी सीमाभागातल्या अनेक घरांत आणि दुकानांत अजूनही तीच आवृत्ती चालू आहे, म्हणून जिथे दोन्हींत फरक आहे तिथे तो सांगितला आहे. मेनूतील नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच मी देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे उच्चारावरून ती ओळखता येतील.

पहिले काम: हवा तसा डेस्कटॉप टिपून ठेवा

काहीही बदलण्यापूर्वी डेस्कटॉप आपल्याला हवा तसा एकदा नीट लावून घ्या. त्यानंतर कीबोर्डवरचे विंडोजचे बटण धरून डी दाबा, म्हणजे उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या खाली जातील आणि फक्त डेस्कटॉप दिसेल. आता विंडोजचे बटण धरून प्रिंट स्क्रीन हे बटण दाबा. पडदा क्षणभर मंद होईल आणि त्याचे छायाचित्र पिक्चर्स या फोल्डरमधील स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये जमा होईल. मावशीच्या बाबतीत मी हे छायाचित्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि संगणकाच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवले. पुढे काही हलले तर कोणता आयकॉन कुठे होता हे आठवत बसावे लागत नाही.

बदल झाल्याचे लक्षात आले, की दुरुस्तीला हात घालण्याआधी नेमके काय बदलले आहे ते ठरवा. मागचे चित्र बदलले आहे, आयकॉन हलले आहेत, रंग बदलला आहे, अक्षरे लहानमोठी झाली आहेत, की सगळाच डेस्कटॉप अनोळखी दिसतो आहे? यांपैकी प्रत्येकाचे कारण वेगळ्या ठिकाणी असते, आणि हे न ठरवता चार ठिकाणची बटणे एकदम फिरवली तर कशामुळे फरक पडला हे शेवटपर्यंत कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, संगणक बंद करून पुन्हा चालू करा, आणि निदान दोन दिवस वापरून पाहा.

मागचे चित्र बदलत असेल तर

डेस्कटॉपवर जिथे आयकॉन नाही अशा मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबा आणि येणाऱ्या यादीतून पर्सनलाइज निवडा. उघडलेल्या खिडकीत बॅकग्राउंड हा विभाग आहे, आणि त्यात एक पर्यायपेटी दिसते. तिच्यात पिक्चर, सॉलिड कलर आणि स्लाइडशो असे पर्याय असतात. विंडोज ११ मध्ये आणि अद्ययावत केलेल्या विंडोज १० मध्ये विंडोज स्पॉटलाइट हा आणखी एक पर्याय असतो. आपल्या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा याच पेटीत सापडते.

स्पॉटलाइट निवडलेले असेल तर मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून नवनवी छायाचित्रे आणून लावत राहते. याची एक ठळक खूण आहे: डेस्कटॉपवर या छायाचित्राची माहिती देणारा एक आयकॉन आपण न ठेवताच येऊन बसतो. तो आयकॉन पाहून अनेकांना संगणकात व्हायरस शिरल्याची शंका येते, पण तसे काही नसते. स्लाइडशो निवडलेला असेल तर एका फोल्डरमधील चित्रे ठरावीक वेळाने आलटून पालटून लागतात. ही वेळ एक मिनिटापासून एक दिवसापर्यंत ठेवता येते. वेळ एक दिवस असेल तर चित्र रोज बदलते, आणि घरातल्यांना वाटते की रात्री कुणीतरी संगणक उघडला होता. स्लाइडशो नकळत सुरू होण्याचीही एक वाट आहे. फोल्डरमध्ये दोन-चार चित्रे एकदम निवडून उजव्या बटणाने ती पार्श्वभूमी म्हणून लावली, तर विंडोज त्यांचा स्लाइडशो करते. तयार थीमपैकी (थीम म्हणजे चित्र, रंग, आवाज यांचा एकत्र संच) कित्येकांतही अनेक चित्रे असतात, आणि तशी थीम लावताच स्लाइडशो आपोआप चालू होतो.

उपाय सरळ आहे. पर्यायपेटीत पिक्चर निवडा आणि ब्राउज फोटोज किंवा ब्राउज हे बटण दाबून आपले चित्र दाखवून द्या. मात्र त्याआधी ते चित्र कुठे ठेवले आहे हे पाहणे आवश्यक आहे. पेन ड्राइव्हवरून, मोबाइलच्या केबलवरून किंवा डाउनलोड्स फोल्डरमधून थेट लावलेले चित्र काही दिवस नीट दिसते, कारण विंडोज त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवते. परंतु पुढे थीम पुन्हा लावण्याची वेळ आली की मूळ फाइल शोधली जाते, आणि दरम्यान कुणी डाउनलोड्स साफ केले असेल तर पडदा काळा होतो. म्हणून पिक्चर्स फोल्डरमध्ये डेस्कटॉपचे चित्र अशा नावाचे एक फोल्डर करा, चित्राची प्रत त्यात ठेवा, तिथूनच ते लावा आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा की ते फोल्डर कुणी हलवू नये.

एवढे करूनही चित्र बदलत असेल तर एखादा प्रोग्राम ते काम करत असावा. बिंग वॉलपेपर नावाचा मायक्रोसॉफ्टचाच एक प्रोग्राम रोज नवे चित्र लावतो, आणि तसेच काम करणारे इतर प्रोग्रामही पुष्कळ आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअप या भागात संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. तिथे वॉलपेपरशी संबंधित नाव दिसले तर ते निवडून डिसेबल करा, आणि तो प्रोग्राम नकोच असेल तर सेटिंग्जमधील ॲप्स या विभागात जाऊन तो काढून टाका. जे नाव ओळखीचे नाही ते केवळ ओळखीचे नाही म्हणून बंद करू नये. आधी जाणकाराला विचारावे.

आयकॉन जागा सोडत असतील तर

ही सर्वांत जास्त त्रास देणारी तक्रार आहे, आणि तिची कारणेही एकापेक्षा अधिक आहेत, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी उजवे बटण दाबून व्ह्यू या पर्यायावर माउस न्या. शेजारी उघडणाऱ्या यादीत ऑटो अरेंज आयकॉन्स आणि अलाइन आयकॉन्स टू ग्रिड अशी दोन नावे दिसतात. ती सारखी वाटली तरी त्यांचे काम फार वेगळे आहे. पहिल्यासमोर बरोबरची खूण असेल तर विंडोज सर्व आयकॉन डाव्या कडेपासून एका ओळीत लावते. आपण एखादा आयकॉन उजव्या कोपऱ्यात नेऊन सोडला तरी तो परत येऊन बसतो, आणि मधली एक फाइल पुसली की खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकतात. ही खूण काढून टाका. दुसऱ्या पर्यायाची खूण मात्र राहू द्या, कारण तो आयकॉनांना फक्त अदृश्य चौकटींत सरळ बसवतो आणि त्यांची जागा आपल्याच हातात ठेवतो. त्याच यादीत शो डेस्कटॉप आयकॉन्स असाही एक पर्याय आहे. त्याची खूण चुकून निघाली तर सगळे आयकॉन एकदम दिसेनासे होतात. फाइली पुसल्या गेल्या असे समजून घाबरू नये, तिथे पुन्हा खूण करावी.

दुसरे कारण पडद्याच्या रेझोल्युशनचे. पडदा किती बारीक ठिपक्यांनी भरलेला आहे याचे ते माप असते. जुन्या लॅपटॉपवर ते बहुधा १३६६ गुणिले ७६८ असते आणि अलीकडच्या पडद्यांवर १९२० गुणिले १०८०. संगणक टीव्हीला किंवा शाळेच्या प्रोजेक्टरला जोडला, किंवा जुना एखादा गेम पूर्ण पडद्यावर चालवला, की हे माप तात्पुरते कमी होऊ शकते. माप कमी झाले म्हणजे कडेच्या आयकॉनांना जागाच उरत नाही, विंडोज त्यांना आत ओढून घेते, आणि माप पूर्ववत झाल्यावर ते जुन्या जागी परततीलच असे नाही. मावशीच्या घरी सामन्याच्या रात्री हेच घडले होते.

टीव्ही जोडायचा असेल तेव्हा विंडोजचे बटण धरून पी दाबा. चार पर्याय येतात. त्यातील डुप्लिकेट निवडल्यास दोन्ही पडद्यांवर एकच दृश्य दिसते आणि दोघांना जमेल असे माप घेतले जाते, त्यामुळे आयकॉन हलण्याची शक्यता इथेच अधिक असते. एक्स्टेंड निवडल्यास टीव्ही हा वेगळा, जोडीचा पडदा होतो आणि संगणकाच्या मूळ पडद्याचे माप सहसा तसेच राहते. सामन्याची खिडकी तेवढी माउसने ओढून टीव्हीवर न्यावी लागते. आमच्या मुलांना एक्स्टेंड वापरायची सवय लावल्यापासून मावशीचे आयकॉन त्या कारणाने हललेले नाहीत.

आयकॉन आधीच विस्कटले असतील तर ते परत लावण्यापूर्वी मापाची खात्री करा. डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा आणि रेझोल्युशनच्या पेटीत ज्या आकड्यासमोर रेकमेंडेड असे लिहिले आहे तोच निवडा. त्याच्या जवळच स्केल नावाचा आकडा असतो. अक्षरे बारीक दिसत असतील तर रेझोल्युशन कमी करण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्याऐवजी स्केल १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करावे, म्हणजे अक्षरे मोठीही होतात आणि स्वच्छही दिसतात. हे दोन्ही एकदा ठरवूनच मग आयकॉन लावायला बसा, नाहीतर तेच काम दोनदा करावे लागेल.

तिसरी गोष्ट थीमची. थीम बदलली की धिस पीसी, रिसायकल बिन यांसारख्या आयकॉनांची चित्रेही बदलू शकतात. पर्सनलायझेशनमधील थीम्स या विभागात डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज नावाची ओळ आहे. ती उघडल्यावर तळाशी थीमला डेस्कटॉपचे आयकॉन बदलू देण्याविषयी एक चौकट असते. तिच्यातील खूण काढून ओके करा. माउसच्या बाणासाठीही अशीच चौकट माउस सेटिंग्जच्या पॉइंटर्स या पानावर आहे.

रंग

विंडोजच्या खिडक्यांचा आणि टास्कबारचा, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीचा, ठसठशीत रंग मागच्या चित्रावरून आपोआप निवडला जाऊ शकतो, त्यामुळे चित्र बदलले की रंगही बदलतो. पर्सनलायझेशनमधील कलर्स या विभागात विंडोज ११ असेल तर ॲक्सेंट कलरसमोर मॅन्युअल निवडा, आणि विंडोज १० असेल तर पार्श्वभूमीवरून रंग आपोआप घेण्याची खूण काढा. मग आवडीचा एक रंग ठरवून द्या.

संध्याकाळ झाली की पडदा पिवळसर होतो आणि सकाळी पुन्हा नेहमीसारखा दिसतो, अशी तक्रार असेल तर ते नाइट लाइटचे काम असते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये नाइट लाइट बंद करता येते, किंवा त्याची वेळ ठरवता येते. ज्यांना रात्री उशिरापर्यंत काम करावे लागते त्यांनी ते चालू ठेवण्यास हरकत नाही, पण साड्यांचे किंवा लग्नपत्रिकांचे रंग पडद्यावर पाहून ठरवणाऱ्यांनी कामाच्या वेळी ते बंदच ठेवावे.

चुकून दाबली जाणारी बटणे

लहान मुले, मांजर, किंवा कीबोर्ड पुसताना फिरणारे फडके यांच्यामुळे होणारे बदल फार अचानक दिसतात. डेस्कटॉपवर असताना कंट्रोल धरून माउसचे चाक फिरले की आयकॉन लहानमोठे होतात. तसेच कंट्रोल धरून चाक उलट फिरवले की ते पूर्ववत होतात. डावीकडचे ऑल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबले गेले तर दृष्टी कमी असलेल्यांसाठीची काळी, गडद रंगसंगती सुरू करण्याविषयी विचारणा होते, आणि न वाचता होकार दिला की संपूर्ण पडद्याचे रूप पालटते. तीच तीन बटणे पुन्हा दाबल्यावर ते पूर्ववत होते. विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह दाबले तर भिंग चालू होऊन पडदा मोठा दिसू लागतो. विंडोजचे बटण आणि एस्केप दाबल्यावर ते बंद होते. काही जुन्या संगणकांवर कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण दाबल्याने पडदा उलटा होतो. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबल्यावर तो सरळ येतो.

टास्कबार विंडोज १० मध्ये माउसने ओढून कडेला किंवा वरही नेता येतो. त्याच्या मोकळ्या जागी उजवे बटण दाबून लॉक द टास्कबारवर खूण केली की तो जागेवर राहतो.

तीन भाषांचा कीबोर्ड

ही अडचण इतर ठिकाणच्या लेखांत फारशी आढळत नाही, पण आपल्याकडे ती रोजची आहे. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही डीटीपीच्या दुकानात किंवा अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड बसवलेले असतात, कारण पत्रिका मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये आणि ईमेल इंग्रजीत लिहायचा असतो. टास्कबारच्या उजव्या टोकाला चालू भाषेचे अक्षर दिसते आणि ते आपोआप बदलल्यासारखे वाटते. मराठी मजकूर लिहिता लिहिता मधेच कन्नड अक्षरे उमटू लागली, की नवखा माणूस कीबोर्डच बिघडला असे समजतो.

याची दोन कारणे असतात. एक म्हणजे डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यास भाषा बदलते, आणि भरभर टाइप करताना ती दोन बटणे सहज दाबली जातात. दुसरे म्हणजे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची सोय चालू असणे. तशी ती असेल तर वर्डमधून ब्राउझरमध्ये जाताच अक्षर बदलते. दोन्हींचे उत्तर ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज या पानावर आहे. विंडोज ११ मध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, अशा वाटेने तिथे पोहोचता येते. विंडोज १० मध्ये डिव्हायसेस, त्यात टायपिंग, अशी वाट आहे. प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी पद्धत वापरण्याच्या चौकटीतील खूण काढा. मग इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडून ऑल्ट आणि शिफ्टची जोडी रद्द करा. त्यानंतरही विंडोजचे बटण आणि स्पेस दाबून भाषा हवी तेव्हा बदलता येते, आणि ही जोडी चुकून सहसा दाबली जात नाही. जो कीबोर्ड कधीच वापरला जात नाही तो भाषांच्या यादीतून काढून टाकल्यास फिरवाफिरव आणखी कमी होते.

दुसऱ्या संगणकावरून येणारे बदल

घरात बदल केला आणि दुकानातल्या संगणकावरही तो दिसला, असे होत असेल तर दोन्हीकडे एकच मायक्रोसॉफ्ट खाते वापरले जात आहे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, सिंक युवर सेटिंग्ज इथे जाऊन थीमसमोरचे बटण बंद करा. विंडोज ११ मध्ये अकाउंट्समधील विंडोज बॅकअप या पानावर आवडीनिवडी लक्षात ठेवण्याचे बटण आहे; ते बंद करावे.

वनड्राइव्हची, म्हणजे फाइली इंटरनेटवर साठवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीची, बाब थोडी नाजूक आहे. त्याची फोल्डर बॅकअपची सोय चालू असेल तर डेस्कटॉपचे फोल्डरच वनड्राइव्हमध्ये जाते, आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या संगणकावरील फाइली इथल्या डेस्कटॉपवर अवतरतात. ही सोय वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून बंद करता येते, पण बंद करताच डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, कारण फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात. त्या तिथून उचलून परत डेस्कटॉपवर आणाव्या लागतात. म्हणून हे काम घाईत, गिऱ्हाईक समोर बसलेले असताना करू नये. आधी सर्व फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि मगच बटणाला हात लावावा.

एक संगणक, अनेक हात

ज्या संगणकावर घरातले सगळे बसतात किंवा गावच्या वाचनालयात शाळा सुटल्यावर मुले येऊन बसतात, तिथे वरचे सगळे उपाय करूनही डेस्कटॉप टिकत नाही. तिथे प्रत्येकाला वेगळे खाते देणे हाच खरा उपाय आहे, कारण प्रत्येक खात्याचे चित्र, रंग आणि आयकॉनांच्या जागा वेगळ्या राहतात. सेटिंग्जमधील अकाउंट्स विभागात विंडोज ११ असेल तर अदर यूझर्स आणि विंडोज १० असेल तर फॅमिली अँड अदर यूझर्स उघडा आणि नवे खाते जोडण्याचे बटण दाबा. ईमेल विचारला गेल्यास या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही असे सांगणारी ओळ निवडा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याची ओळ निवडा. असे खाते साध्या अधिकारांचे असते, ते तसेच राहू द्यावे. एक गोष्ट लक्षात असावी: सर्वांसाठी म्हणून बसवलेल्या प्रोग्रामांचे आयकॉन प्रत्येक खात्यात दिसतात, त्यामुळे एखादा नवा आयकॉन आपल्या डेस्कटॉपवर आला म्हणून कुणीतरी आपले खाते उघडले असे समजू नये.

वाचनालयासारख्या ठिकाणी चित्र बदलण्याची सोयच बंद करायची असेल आणि विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर विंडोजचे बटण धरून आर दाबा, जीपीएडिट डॉट एमएससी (gpedit.msc) असे इंग्रजीत टाइप करा आणि एंटर दाबा. डावीकडच्या यादीतून यूझर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, कंट्रोल पॅनेल, पर्सनलायझेशन असे उतरत जा. उजवीकडे प्रिव्हेंट चेंजिंग डेस्कटॉप बॅकग्राउंड ही ओळ आहे; ती उघडून एनेबल्ड निवडा. पुढे चित्र आपल्यालाच बदलायचे झाले तर तिथेच येऊन नॉट कॉन्फिगर्ड करावे लागेल, म्हणून ही गोष्ट वहीत लिहून ठेवा. विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोय नसते.

सगळाच डेस्कटॉप अनोळखी दिसला तर

आयकॉन नाहीत, चित्र नाही, ब्राउझरमधील खुणाही गेलेल्या आहेत, जणू संगणक नवाच आणला आहे, असे दिसले तर इथे थांबा आणि नवे काहीही साठवू नका. बहुधा आपले मूळ खाते उघडता न आल्याने विंडोजने तात्पुरते प्रोफाइल उघडलेले असते, आणि तशी सूचनाही पडद्यावर येते. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये साठवलेले सर्व काही साइन आउट करताच नाहीसे होते. मूळ फाइली बहुतेक वेळा सी ड्राइव्हमधील यूझर्स फोल्डरमध्ये आपल्या जुन्या नावाखाली शाबूत असतात. संगणक एकदा रीस्टार्ट करा. पुष्कळदा तेवढ्याने मूळ डेस्कटॉप परत येतो. दोन-तीनदा करूनही आला नाही तर जाणकाराकडे न्या आणि त्याला आधीच सांगा, की फॉरमॅट करण्यापूर्वी यूझर्समधील जुने फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्यायचे आहे. माझ्या एका नातेवाइकाने हे न सांगता संगणक दुरुस्तीला दिला आणि दोन वर्षांचे हिशोब गमावले. फाइली होत्या, पण त्या कुणी पाहिल्याच नाहीत.

संगणक चालू असताना वीज जाणे हे अशा बिघाडाचे एक मोठे कारण आहे. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वीज सारखी येत-जात असते, तिथे डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असावाच, आणि यूपीएसचा आवाज सुरू झाला की काम पुढे रेटण्याऐवजी फाइल साठवून संगणक रीतसर बंद करावा.

पर्सनलायझेशनची बटणे मुळात दाबताच येत नसतील आणि उजव्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची सूचना पुसट अक्षरांत दिसत असेल, तर विंडोजचा परवाना नोंदवलेला नाही. संगणक जुळवून देणाऱ्या दुकानदाराकडून परवान्याची पावती मागून घेणे हाच त्यावर मार्ग आहे. वर सांगितलेले पर्सनलायझेशनमधील उपाय तोपर्यंत करता येणार नाहीत.

शेवटी, लावलेले जपून ठेवा

सर्व मनासारखे झाले की पर्सनलायझेशनमधील थीम्समध्ये जा, सेव्ह हे बटण दाबा आणि थीमला आपले नाव द्या. चित्र, रंग, आवाज आणि माउसचा बाण त्यात साठवले जातात, आणि पुढे काही बदलले तर त्या नावावर एकदा क्लिक करून ते परत आणता येतात. आयकॉनांच्या जागा मात्र थीममध्ये साठवल्या जात नाहीत, त्यासाठी सुरुवातीला घेतलेले छायाचित्रच उपयोगी पडते.

विंडोजचे मोठे अपडेट आल्यानंतर काही पर्याय पुन्हा मूळ स्थितीला गेलेले आढळू शकतात. अशा अपडेटनंतर पहिल्यांदा संगणक उघडताना बॅकग्राउंडची पर्यायपेटी, ऑटो अरेंजची खूण, रेझोल्युशन आणि भाषांची यादी एवढ्या चार जागा पाहून घ्या. मावशीच्या टेबलावरच्या काचेखाली त्या छायाचित्राशेजारी या चार नावांची चिठ्ठीही आता आहे; ती तिने स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिली आहे, आणि मागच्या अपडेटनंतर ऑटो अरेंजची खूण तिनेच काढली.